‘साभार परत’ येण्याआधी आवाहन नीट वाचा

पत्र (थोडक्यात): मी सांगलीत शिक्षिका आहे. भयकथा लिहिते. तीन कथा दिवाळी अंकांत आल्या आहेत. दोन कथांचं मी स्वतः इंग्रजीत भाषांतर केलं. एक कुंभार्ली घाटातल्या चकव्याची, ६,८०० शब्दांची, दिवाळी अंकात छापून आलेली. दुसरी ऊसतोड कामगारांच्या तळावरची, ४,२०० शब्दांची. ती फक्त फेसबुकवर पूर्ण टाकली होती. अमेरिकेतल्या छोट्या प्रकाशकांच्या दोन भयकथासंग्रहांना पाठवल्या, दोन्हीकडून कारण न देता परत आल्या. तिसरा प्रकाशक कथा वाचण्याचे २५ डॉलर मागतो आहे. चौथ्याने घाटाची कथा स्वीकारली, पण मानधनाऐवजी ‘रॉयल्टीत वाटा’ देऊ म्हणतो. करारात ‘सर्व भाषांतले सर्व हक्क, कॉपीराइटच्या संपूर्ण मुदतीसाठी’ असं आहे. सही करू का? आणि पुढे पाठवायच्या तर कशा?

सप्रेम नमस्कार.

तातडीचं आधी. २५ डॉलर भरू नका, आणि आलेल्या करारावर आहे तशी सही करू नका. दोन्हींची कारणं पुढे येतीलच. पण तुमच्या पहिल्या दोन कथा परत का आल्या असाव्यात, तिथून सुरुवात करणं जास्त उपयोगाचं आहे, कारण पुढची प्रत्येक कथा त्याच वाटेने जाणार आहे.

अमेरिकेतल्या आणि ब्रिटनमधल्या छोट्या प्रकाशकांचे भयकथांचे, विज्ञानकथांचे संग्रह बहुधा एका विषयाभोवती बांधलेले असतात. समजा पुस्तक एक लाख शब्दांचं आहे, म्हणजे वीसेक कथा. त्यातल्या काही जागा नावाजलेल्या लेखकांसाठी आधीच राखलेल्या असतात; मुखपृष्ठावर ओळखीची नावं असली की पुस्तक विकलं जातं आणि किकस्टार्टर या लोकांकडून निधी गोळा करण्याच्या संकेतस्थळावर पैसेही जमतात. न्यूयॉर्क राज्यातला ‘झॉम्बीज नीड ब्रेन्स’ हा प्रकाशक उघडपणे असंच काम करत आला आहे: आधी किकस्टार्टर, काही निमंत्रित लेखक, आणि उरलेल्या जागांसाठी खुलं आवाहन, म्हणजे कुणीही कथा पाठवावी असं जाहीर निमंत्रण. त्या उरलेल्या जागांसाठी कथा शेकड्यांनी येतात. निवड करताना संपादकाच्या डोळ्यांसमोर अख्खं पुस्तक असतं. पछाडलेल्या घराच्या तीन कथा घेऊन झाल्या असतील, तर चौथी कितीही चांगली असली तरी ती परत जाते. अशा नकारावरून कथेच्या दर्जाबद्दल काहीच कळत नाही, म्हणून दोन नकारांवरून कथा बदलायला बसू नका.

विषयाचा विचार मात्र बारकाईने करा. आवाहनात ‘पाणी’ असेल तर निम्म्या लोकांना आधी विहीर आणि बुडालेली बाई सुचते. जे सगळ्यांना सुचतं त्याच कथांची तिथे गर्दी होते. विषय वाचल्यावर पाच कल्पना कागदावर उतरवा आणि पहिल्या दोन सोडून द्या. तयार कथा पाठवायची असेल तर विषय तिच्या मुळाशी आहे का ते पाहा. तुमची घाटाची कथा ‘रस्ता’, ‘प्रवास’, ‘हरवलेली माणसं’ अशा आवाहनांत सहज बसेल. ‘समुद्र’ या विषयासाठी तिच्यात शेवटी कोकणचा किनारा घुसडला, तर तो जोड पहिल्याच पानावर उघडा पडतो.

आणखी एक अडचण लांबीची. वरची मर्यादा ७,५०० शब्द असली, तरी ६,८०० शब्दांच्या कथेसाठी संपादकाला जवळजवळ दोन लहान कथांची जागा सोडावी लागते, आणि शब्दागणिक मानधन असेल तर पैसेही तितकेच. नवख्या लेखकाला ३,००० ते ५,००० ही लांबी सोयीची. घाटाच्या कथेतून हजार-दीड हजार शब्द निघतात का ते पाहा. आमचा अंदाज आहे की निघतील, आणि ते सुरुवातीचेच असतील. आपल्याकडच्या भयकथा पावसाळी रात्र, मित्रांची बैठक, मग कुणीतरी सांगायला घेतलेली हकिगत अशा संथ चालीने उघडतात. दिवाळी अंकाचा वाचक ती चाल आवडीने वाचतो. तिकडे शेकडो कथा चाळणारा वाचक पहिल्या एक-दोन पानांतच थांबायचं की पुढे जायचं ते ठरवतो. ट्रकवाल्याला तोच मैलाचा दगड दुसऱ्यांदा दिसतो, तिथून उघडा. शेवटाचंही तसंच. ‘ज्याच्याशी तो रात्रभर बोलत होता तो दहा वर्षांपूर्वीच वारला होता’ हा शेवट इंग्रजीतही इतका वापरला गेला आहे की त्याच्यासाठी जागा मिळणं कठीण.

भाषांतराबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण मराठी लेखकाची कथा अनेकदा इथेच अडते. मराठीत सांगताना आपण भूतकाळातून वर्तमानकाळात सहज येतो: ‘तो वळला. बघतो तर काय, समोर तोच दगड.’ इंग्रजीत असा काळबदल परिच्छेदाच्या मधोमध आला की चूक वाटते. कथेसाठी एक काळ ठरवा आणि तो तपासण्यासाठी कथा फक्त क्रियापदांवर नजर ठेवून एकदा वाचा. टिंबांच्या रांगा आणि उद्गारचिन्हं जवळजवळ सगळी काढा. ‘वहिनी’, ‘मुकादम’, ‘कोयता’, ‘चकवा’ हे शब्द तसेच ठेवा. त्यांचा अर्थ पुढच्या कृतीतून कळू द्या. कथेखाली शब्दार्थांची यादी देऊ नका, आणि चकवा म्हणजे काय हे सांगणारा परिच्छेद तर नकोच. वाट चुकवणारी शक्ती आहे हे ट्रक तिसऱ्यांदा त्याच वळणावर आला की वाचकाला कळतंच. स्पेलिंग ब्रिटिश किंवा अमेरिकन, कुठलंही एकच ठेवा. मग इंग्रजी कथा नेहमी वाचणाऱ्या दोघांकडून वाचून घ्या. असे कुणी जवळ नसतील तर ‘क्रिटर्स’ ही जुनी ऑनलाइन कार्यशाळा आहे: तुम्ही इतरांच्या कथांवर अभिप्राय लिहायचे, ते तुमच्या कथेवर लिहितात. सदस्यांपुरती मर्यादित असल्याने तिथे ठेवलेली कथा प्रकाशित मानली जात नाही.

कच्चं भाषांतर एआयकडून करून घेण्याचा मोह टाळा. २०२३ च्या फेब्रुवारीत ‘क्लार्क्सवर्ल्ड’ या अमेरिकी विज्ञानकथा मासिकाला एआयने लिहिलेल्या कथांच्या लोंढ्यामुळे कथा स्वीकारणं काही काळ बंद करावं लागलं होतं. आता अनेक आवाहनांत लेखन, सुधारणा किंवा भाषांतर यांपैकी कशातही एआय वापरलेला नाही असं लिहून द्यावं लागतं. काही ठिकाणी हीच अट करारातही असते. ते खोटं ठरलं तर कथा जाते आणि त्या संपादकाकडचं नावही खराब होतं.

आता ‘आधी प्रकाशित’ची अट. इथे तुमच्या दोन कथांची स्थिती वेगळी आहे, आणि ती तुम्हाला वाटते त्याच्या उलट असू शकते.

घाटाची कथा मराठीत छापून आली, इंग्रजीत कधीच नाही. पुष्कळ संपादक इंग्रजीतल्या प्रथम प्रकाशनाचे हक्क मागतात आणि अशी कथा त्यांना नवीन म्हणून चालते. काही जण ती पुनर्मुद्रण समजतात. आवाहनात स्पष्ट नसेल तर पाठवण्याआधी दोन ओळींची ईमेल करून विचारा, आणि कव्हर लेटरमध्ये, म्हणजे कथेसोबतच्या पत्रात, मूळ प्रकाशनाचा उल्लेख कराच. दिवाळी अंकाला दिलेल्या कथेचे हक्क तुमच्याकडे आहेत का, ही शंका तुम्ही विचारलेली नाही, पण ती यायला हवी. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या १९ व्या कलमानुसार हक्क हस्तांतरित करायचे तर ते लेखीच लागतं. लेखी कराराशिवाय कथा अंकात छापली गेली असेल तर कॉपीराइट आणि भाषांतराचा हक्क तुमचाच. काही लिहून दिलं असेल तर तो कागद शोधून वाचा; त्यात मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती ५ वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता धरतो.

ऊसतोडीची कथा फेसबुकवर मराठीत टाकली असेल तर तिलाही हाच नियम. इंग्रजी भाषांतर पूर्ण टाकलं असेल तर मात्र ती प्रकाशित झालेली कथा आहे. पोस्ट काढून टाकल्याने ती पुन्हा अप्रकाशित होत नाही. मग ती पुनर्मुद्रण स्वीकारणाऱ्या संग्रहांनाच पाठवा; तिथे मानधन बहुधा कमी असतं. यापुढे इंग्रजी मजकुराच्या दोन-चार ओळींपेक्षा जास्त काहीही सार्वजनिक ठिकाणी टाकू नका.

हस्तलिखिताचा प्रकार आवाहनात दिलेला असेल तो अक्षरशः पाळा. दिलेला नसेल तर अमेरिकी विज्ञानकथा लेखक विल्यम शन यांनी ठरवून दिलेली मांडणी तिकडे सर्वमान्य आहे. १२ पॉइंटचा टाइम्स न्यू रोमन किंवा कुरियर, दुहेरी ओळअंतर, चारही बाजूंनी १ इंच समास. पहिल्या पानावर वर डावीकडे कायदेशीर नाव, पत्ता, ईमेल. उजवीकडे शब्दसंख्या शंभराच्या पटीत. शीर्षक पानाच्या मध्याजवळ, त्याखाली कथेवर छापायचं नाव (टोपणनाव वापरायचं असेल तर ते इथे). दुसऱ्या पानापासून वरच्या कोपऱ्यात आडनाव, शीर्षकातला एखादा शब्द, पान क्रमांक. परिच्छेदाची सुरुवात अर्धा इंच आत, आणि ती स्पेसबार दाबून करू नका, परिच्छेदाच्या सेटिंगमधून करा. फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की स्पेस विस्कटतात. दोन परिच्छेदांत रिकामी ओळ नको. प्रसंग बदलताना मधोमध एक हॅश चिन्ह. पीडीएफ मागितली नसेल तर वर्डची फाइल द्या. देवनागरीतला एखादा शब्द इंग्रजी फाइलमध्ये राहिला असेल तर तो रोमन लिपीत करा, नाहीतर समोरच्या पडद्यावर चौकोन दिसतात.

काही आवाहनांत लेखकाचं नाव झाकून वाचन होतं. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला जयंत नारळीकरांनी ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने कथा पाठवली आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती पत्नीकडून लिहून घेतली होती. निनावी वाचनामागचा हेतू तोच. अशा वेळी पहिल्या पानावरचं नाव, वरच्या कोपऱ्यातलं आडनाव आणि फाइलचं नाव तर काढाच, पण वर्डच्या फाइलच्या माहितीत ‘लेखक’ म्हणून नोंदलेलं नावही पुसा. बहुतेकांचं ते राहून जातं.

कव्हर लेटर चार-पाच वाक्यांचं पुरे: कथेचं नाव, शब्दसंख्या, कोणत्या संग्रहासाठी, कथा मराठीत कुठे आणि कोणत्या वर्षी आली, भाषांतर स्वतः केलं आहे, इंग्रजीत अप्रकाशित आहे, आधीच्या प्रकाशनांपैकी दोन-तीन नावं, आभार. कथानक सांगू नका. कथा का लिहिली, तेही नको. तुम्ही ऊसपट्ट्यात राहता ही गोष्ट मात्र एका वाक्यात लिहा, कारण त्या कथेशी तिचा थेट संबंध आहे.

अटींमधल्या दोन शब्दप्रयोगांत गल्लत होते. एकच कथा एकाच वेळी दोन प्रकाशकांकडे पाठवणं (‘सायमल्टेनियस सबमिशन’) ही एक गोष्ट, आणि एकाच प्रकाशकाला दोन कथा पाठवणं (‘मल्टिपल सबमिशन’) ही दुसरी. दोन्हींसाठी वेगळी परवानगी लागते आणि मौन म्हणजे परवानगी समजू नये. पहिल्या प्रकारात एकीकडे कथा स्वीकारली गेली तर दुसरीकडून त्याच दिवशी मागे घ्या. मुदतीची वेळ पूर्व अमेरिकेची असेल तर रात्री ११:५९ म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळचे ९:२९, आणि तिकडे हिवाळ्याची वेळ चालू असेल तेव्हा १०:२९.

उत्तर बहुधा मुदत संपल्यानंतर दोन ते चार महिन्यांनी येतं. ‘कथा राखून ठेवली आहे’ असं मध्ये कळलं तर ती दुसरीकडे पाठवू नका. सांगितलेली मुदत उलटून दोन आठवडे झाले की विचारणा करायला हरकत नाही. आणि एक गोष्ट नवख्यांना कुणी सांगत नाही: एखाद्या विषयाच्या संग्रहातून परत आलेल्या कथा त्यानंतरच्या काही आठवड्यांत लाटेसारख्या इतर संपादकांकडे जाऊन पडतात. दीपस्तंभांचा संग्रह बंद झाला की सगळीकडे दीपस्तंभ. तुमच्या कथेत विषय ठळक दिसत असेल तर ती दोन-तीन महिने बाजूला ठेवून मग पाठवा.

आवाहनं शोधण्यासाठी ‘सबमिशन ग्राइंडर’ वापरा. ते मोफत आहे. मानधन, लांबी, प्रकार यांनुसार शोधता येतं आणि इतर लेखकांनी नोंदवलेला उत्तराचा कालावधीही दिसतो. ‘ड्युओट्रोप’ हे त्याच प्रकारचं, पण सशुल्क. यादी मानधनानुसार लावा आणि वरून खाली या. अमेरिकेतल्या विज्ञानकथा-अद्भुतकथा लेखकांच्या संघटनेने, म्हणजे ‘एसएफडब्ल्यूए’ने, २०१९ पासून व्यावसायिक दर शब्दाला ८ सेंट धरला आहे. तुमच्या ४,२०० शब्दांच्या कथेचे त्या दराने ३३६ डॉलर होतात. संबंध पुस्तकाचा हिशेब केला तर एक लाख शब्दांना ८,००० डॉलर फक्त लेखकांचे. छपाई, मुखपृष्ठ वेगळं. म्हणूनच बरेच छोटे प्रकाशक शब्दाला १ ते ३ सेंट किंवा कथेला ठरावीक २५-५० डॉलर देतात. कमी देणारा प्रकाशक वाईट असतोच असं नाही. त्याचा आधीचा एक संग्रह विकत घेऊन वाचा. मुद्रितशोधन नीट आहे का, जाहीर केलेली पुस्तकं खरोखर निघाली का, हे दरापेक्षा जास्त बोलतं. शंका असेल तर ‘रायटर बिवेअर’ हे लेखकांना फसवणुकीपासून सावध करणारं जुनं व्यासपीठ आहे, तिथे नाव शोधा.

पैसे लेखकाकडे येतात, लेखकाकडून जात नाहीत: अमेरिकी लेखक जेम्स मॅक्डोनाल्ड यांनी मांडलेला हा नियम तिकडे ‘यॉग्ज लॉ’ म्हणून ओळखला जातो. काही इंग्रजी साहित्यिक नियतकालिकं दोन-तीन डॉलर वाचनशुल्क घेतात, पण भयकथा-विज्ञानकथांच्या क्षेत्रात ती रीत नाही. २५ डॉलर मागणाऱ्याचं उत्पन्न वाचकांकडून येण्याऐवजी तुमच्यासारख्यांकडून येतं. आपल्याकडे समाजमाध्यमांवर ‘सहलेखक व्हा, प्रमाणपत्र मिळवा’ म्हणून पैसे घेणारे संग्रह निघतात, तेही याच जातीचे. ठरावीक प्रती विकत घेण्याची सक्ती हेही शुल्कच.

आता तुमचा करार. आधी रॉयल्टीचं गणित पाहा. ई-पुस्तक ४.९९ डॉलरचं. अॅमेझॉनकडून ७० टक्के धरले तर प्रकाशकाला सुमारे ३.४९ येतात. त्यातला निम्मा भाग वीस लेखकांत वाटला तर तुमच्या वाट्याला एका प्रतीमागे ९ सेंटही येत नाहीत. शंभर प्रती खपल्या तरी ९ डॉलरच्या आत. त्यातही ‘रक्कम २० डॉलर झाल्यावरच देऊ’ असं कलम असलं तर ते कधीच मिळणार नाहीत.

तरीही पैशांपेक्षा हक्कांचं कलम जास्त गंभीर आहे. ‘सर्व भाषांतले सर्व हक्क, संपूर्ण मुदतीसाठी’ यावर सही केलीत तर तुमची स्वतःची मराठी कथा स्वतःच्या मराठी संग्रहात घ्यायला तुम्हालाच परवानगी मागावी लागेल. उद्या कुणी तिच्यावर वेबमालिका करायची म्हणालं तर तो व्यवहारही प्रकाशक करेल. भारतीय कायद्यात कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. म्हणजे नातवंडांच्या काळापर्यंत कथा त्यांच्याकडे.

प्रकाशकाला शांतपणे, आभार मानून लिहा की कथा देण्यात आनंद आहे, पण पुढील बदल हवेत. हक्क फक्त इंग्रजीतले, या संग्रहापुरते, छापील आणि ई-पुस्तकाचे. ऑडिओ हवा असेल तर त्याचे वेगळे पैसे. इतरत्र न छापण्याचं बंधन प्रकाशनापासून ६ महिने, फार तर १ वर्ष, आणि वर्षातल्या निवडक कथांच्या संग्रहांना त्यातून सूट. कॉपीराइट तुमच्या नावावर, आणि तसा उल्लेख पुस्तकात. मजकुरात मोठे बदल तुम्हाला दाखवूनच. पैसे कधी देणार त्याची तारीख किंवा मुदत. आणि सही झाल्यापासून १८ महिन्यांत पुस्तक आलं नाही तर सगळे हक्क आपोआप परत. हे शेवटचं कलम सोडू नका. छोटे प्रकाशक बहुधा एकदोन माणसांच्या बळावर चालतात. आजारपण आलं, निधी जमला नाही, की पुस्तक रखडतं, आणि असं कलम नसलेल्या कथा वर्षानुवर्षं अडकून पडतात. नीट प्रकाशक अशा मागण्यांनी चिडत नाही, ही त्याच्यासाठी रोजची गोष्ट आहे. ‘हा आमचा ठरलेला करार, बदल होणार नाही’ असं उत्तर आलं तर कथा मागे घ्या. घाटाची ही कथा तुमच्याकडची सगळ्यात भक्कम दिसते. तिला याहून चांगली जागा शोधण्यात एक वर्ष गेलं तरी चालेल.

पैसे बहुधा पेपालने येतात. पेपालने भारतातले देशांतर्गत व्यवहार २०२१ मध्ये बंद केले, परदेशातून पैसे घेणं चालू आहे. खात्यावरचं नाव पॅनशी जुळायला हवं, आणि टोपणनावाने लिहीत असाल तरी करारावर कायदेशीर नावच लागतं. अमेरिकी प्रकाशकाने डब्ल्यू-८बेन हा फॉर्म मागितला तर घाबरू नका. तुम्ही अमेरिकेच्या करदात्या नाही, हे सांगणारा तो कागद आहे. त्यात पॅन क्रमांक आणि भारत-अमेरिका कर-करारातला रॉयल्टीवरचा १५ टक्क्यांचा सवलतीचा दर लिहिला नाही, तर ३० टक्के कापले जाऊ शकतात. सही केलेल्या वर्षानंतरची तिसरी डिसेंबरअखेर येईपर्यंत तो चालतो. मिळालेली रक्कम इथल्या विवरणपत्रात दाखवा, आणि तिकडे कर कापला असेल तर त्याचा पुरावा जपून ठेवा, त्याची वजावट मिळते.